वादग्रस्त प्रदेशाचं सरकारी नाव नेमकं ठरतं कसं?

तळटीप:
अप्पा बळवंत चौकातून भारताचा भिंतीवरचा नकाशा आणा, शेजारी संयुक्त राष्ट्रांचा नकाशा उघडा आणि बाजूला आजचा पेपर ठेवा. मुझफ्फराबादच्या पट्ट्याला पेपरात ‘पाकव्याप्त काश्मीर’, परदेशी वृत्तसंस्थांच्या बातमीत ‘पाकिस्तान-प्रशासित’, इस्लामाबादच्या कागदावर ‘आझाद जम्मू व काश्मीर’. आपल्या नकाशावर मात्र वेगळं नावच नाही, कारण तिथे तो सरळ जम्मू-काश्मीरचा भाग.

प्रश्न असे : ही नावं ठरवतं कोण? निकष काय लावतात? आणि मराठीत लिहिणाऱ्याने कुठलं वापरावं?

माझं मत साधं आहे. ज्या नावाचा सर्वांत जुना लेखी पुरावा, ते नाव लावावं. वाद मिटला.

विनंती : कृपया राजकारण आणू नये.

तर्री_वेगळी:
काश्मीर, नाव, आणि राजकारण नको. मिसळ द्या, पण तर्री, फरसाण, पाव नको.

अक्षांश:
जुन्या पुराव्याचा निकष पहिल्याच उदाहरणात आपटतो. फॉकलंड घ्या. १६९० मध्ये जॉन स्ट्राँग या इंग्रज कप्तानाने दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीला आपल्या आश्रयदात्याचं, व्हायकाउंट फॉकलंडचं, नाव दिलं. ते पुढे बेटांना चिकटलं. अर्जेंटिनाचं ‘मालविनास’ हे फ्रेंच ‘मालुईन’वरून आलं, आणि ते आलं सेंट मालो बंदरातल्या खलाशांवरून. म्हणजे एक नाव इंग्रज सरदाराचं, दुसरं फ्रेंच बंदराचं. यातलं जुनं कुठलं हे ठरवून ना लंडन माघार घेईल, ना ब्युनोस आयर्स.

सरकार नाव निवडताना पहिला प्रश्न विचारतं तो ‘हे बरोबर आहे का?’ असा नसतो. ‘हा शब्द वापरल्याने आपण काही कबूल करतो का?’ हा असतो. इतिहासकाराला बोलावतात ते नंतर, ठरलेल्या शब्दाला पुरावे जोडायला. मसुदा असतो कायदा विभागाचा.

म्हणून अशा नावांत खरं काम नामाचं नसतंच, विशेषणाचं असतं. व्याप्त, प्रशासित, तथाकथित, तात्पुरता ताब्यातला. तुर्की सायप्रियटांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या उत्तर सायप्रसच्या प्रजासत्ताकामागे निकोशिया, म्हणजे सायप्रसचं सरकार, ‘तथाकथित’ लावल्याशिवाय राहत नाही. उलट तुर्कस्तान सायप्रस प्रजासत्ताकाला ‘दक्षिण सायप्रसचं ग्रीक सायप्रियट प्रशासन’ म्हणतं. देश म्हणायचं नाही म्हणून ‘प्रशासन’.

शुद्धिपत्रक:
विशेषणांवरून आठवलं. हिंदी वाहिन्यांवर ‘पाक अधिकृत कश्मीर’ असतं. हिंदीत तिथे ‘अधिकृत’ म्हणजे ताब्यात घेतलेलं. मराठीत अधिकृत म्हणजे ऑफिशियल, मान्यताप्राप्त! हिंदीवरून घाईत उतरवलेल्या मजकुरात ‘पाक अधिकृत काश्मीर’ तसंच राहिलं की मराठी वाचकासाठी आपण तो प्रदेश पाकिस्तानला मंजूर करून मोकळे. ‘व्याप्त’ हाच शब्द ठेवा.

तर्री_वेगळी:
एका विशेषणात आख्खी परराष्ट्रनीती उलटी. भाषांतरकाराला पद्मश्री द्या, तिकडची.

खाते_उतारा:
‘ठरवतं कोण’ या प्रश्नाचं उत्तर भारतापुरतं देतो, कारण इथे तीन वेगळी टेबलं आहेत आणि लोक ती एकत्र करतात.

पहिलं टेबल गृह मंत्रालयाचं. देशातल्या गावा-शहराचं नाव बदलायचं तर राज्य सरकार प्रस्ताव पाठवतं. ११ सप्टेंबर १९५३ ची मार्गदर्शक तत्त्वं अजून आधाराला धरतात. रेल्वे, टपाल खातं आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांची ना-हरकत घेतात, मग मंत्रालय हिरवा कंदील देतं आणि राज्य अधिसूचना काढतं. त्या तत्त्वांत लिहिलंय की लोकांच्या सवयीचं नाव खास कारणाशिवाय बदलू नये, निव्वळ स्थानिक अभिमानापोटी किंवा भाषेच्या कारणाने बदलू नये, आणि शेजारपाजारी त्याच नावाचं दुसरं गाव नसावं. आता वाचून हसू येतं, पण आहे. राज्याचंच नाव बदलायचं असेल तर घटनेचं कलम ३ आणि संसदेत कायदा.

दुसरं टेबल परराष्ट्र मंत्रालयाचं. सीमेपलीकडच्या किंवा परक्या ताब्यातल्या भागाला काय म्हणायचं, हे तिथल्या निवेदनांच्या भाषेतून पक्कं होतं. एकदा एका निवेदनात शब्द गेला की पुढचा अधिकारी तोच उचलतो. त्यामुळे ‘कधी ठरलं’ याचं एक पत्र शोधायला गेलात तर बहुधा सापडणार नाही.

तिसरं टेबल नकाशाचं, म्हणजे सर्वेक्षण विभाग. आपल्याकडे आळंदी रोडला त्यांचं कार्यालय आहे. १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाप्रमाणे विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे पोटकलम नकाशाबद्दल आहे. शब्दांसाठी त्याच कायद्यात वेगळं पोटकलम आहे, ते देशाच्या सुरक्षेला बाधक ठरेल अशा रीतीने सीमांवर किंवा अखंडतेवर प्रश्न उठवण्याबद्दल. लेखात ‘पाकिस्तान-प्रशासित’ लिहिल्याने नकाशाचं पोटकलम लागत नाही, पण सोबत चुकीचा नकाशा टाकला तर लागतं.

सिंहगड_एक्स्प्रेस:
हल्ली पाकव्याप्त काश्मीरऐवजी ‘पाकव्याप्त जम्मू-काश्मीर’ म्हणायला लावतात. एक अक्षर वाढवून कोणाचं पोट भरलं? निव्वळ टीव्हीचा खेळ.

खाते_उतारा:
नाही, यात तथ्य आहे. मीरपूर हा संस्थानाच्या जम्मू प्रांतातला जिल्हा, काश्मीर खोऱ्याशी त्याचा संबंध नाही. पूंछचंही तसंच. मुझफ्फराबाद काश्मीर प्रांतात होता. नुसतं ‘काश्मीर’ म्हटलं की मीरपूर शब्दातून गळतो, आणि तिथून जम्मूत आलेल्या निर्वासितांची तक्रार नेमकी ती होती. २ नोव्हेंबर २०१९ ला नवीन नकाशा आला तेव्हा सरकारने १९४७ चे १४ जिल्हे नावानिशी मोजून दाखवले. मीरपूर-मुझफ्फराबाद जम्मू-काश्मीर केंद्रशासित प्रदेशात. गिलगिट, गिलगिट वझारत, चिलास आणि ‘ट्रायबल टेरिटरी’ हे लडाखमधल्या लेह जिल्ह्यात. म्हणजे आता गिलगिटसाठी ‘पाकव्याप्त लडाख’ म्हणणं जास्त काटेकोर ठरेल, पण तोंडात बसलेलं नाही.

पाकिस्तानने गिलगिट-बाल्टिस्तानला २००९ पर्यंत ‘उत्तरेकडील भाग’ एवढंच म्हटलं होतं. दिशा सांगितली, नाव दिलंच नाही. नाव दिलं तर ‘हे काश्मीरचं की वेगळं?’ याचं उत्तर द्यावं लागतं.

रेघोटी:
रेषेच्या नावाकडेही बघा. १९४९ च्या कराची करारातली ‘युद्धबंदी रेषा’ १९७२ च्या सिमला करारात ‘नियंत्रण रेषा’ झाली. जमिनीवर थोडाच फरक, पण युद्धबंदी म्हटलं की तिच्यावर देखरेख करणारे संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक आले. नियंत्रण म्हटलं की दोन देशांचा आपसातला मामला. ते निरीक्षक अजून आहेत, पण सिमल्यानंतर त्यांचं काम संपलं अशी भारताची भूमिका आहे. एका शब्दाच्या बदलीत तिसऱ्याला उठवलं.

आणि मराठी पेपरात ‘ताबारेषा’ कधी पाकिस्तानकडच्या रेषेला वापरतात, कधी चीनकडच्या. चीनकडची आहे ती ‘प्रत्यक्ष’ नियंत्रण रेषा. ती दोघांनी मिळून नकाशावर कधी पूर्ण आखलेलीच नाही. ‘प्रत्यक्ष’ गाळू नका, सगळी गंमत त्यातच आहे.

मधला_मार्ग:
चीनची पद्धत सगळ्यांत कारखानदारी. अरुणाचलला ते ‘झांगनान’, म्हणजे दक्षिण तिबेट म्हणतात. त्यांचं नागरी व्यवहार मंत्रालय नावांच्या याद्या काढतं : एप्रिल २०१७ मध्ये ६, डिसेंबर २०२१ मध्ये १५, एप्रिल २०२३ मध्ये ११, मार्च २०२४ च्या अखेरीस ३०, मे २०२५ मध्ये २७. प्रत्येक नाव चिनी लिपीत, तिबेटीत आणि पिनयिनमध्ये, म्हणजे चिनीच्या रोमन लिप्यंतरात. २०२१ च्या यादीत ८ वस्त्या, ४ डोंगर, २ नद्या, १ खिंड. खिंडी-शिखरं घालायचं कारण उघड आहे, सीमा तिथूनच जाते.

आपण १९५४ पासून ‘नेफा’ म्हणत होतो. नॉर्थ-ईस्ट फ्रंटियर एजन्सी, चक्क खात्याचं नाव. १९७२ ला केंद्रशासित होताना ‘अरुणाचल प्रदेश’ केलं, १९८७ ला राज्य. ‘फ्रंटियर’ गेलं आणि ‘प्रदेश’ आलं, हा बदल मला त्यांच्या सगळ्या याद्यांपेक्षा हुशार वाटतो. सीमेवर वाद घालता येतो, प्रदेशात माणसं राहतात.

सिंहगड_एक्स्प्रेस:
पण याद्यांनी होतं काय? उद्या मी सिंहगडाला ‘कोथरूड दक्षिण’ म्हटलं तर तो माझा होणार का? परराष्ट्र मंत्रालय दर वेळी तेच ठरावीक वाक्य काढतं, ‘नावं शोधून काढल्याने वस्तुस्थिती बदलत नाही’. वेळ घालवणं आहे दोन्हीकडून.

अक्षांश:
ते ठरावीक वाक्य काढणं हेच काम आहे.

प्रेआह विहेअर देवळाचा खटला बघा, आंतरराष्ट्रीय न्यायालय, १९६२. फ्रेंच अधिकाऱ्यांनी आखलेल्या १९०८ च्या सुमाराच्या नकाशात देऊळ कंबोडियात दाखवलं होतं. करारात सीमा पाणलोटाने जायची ठरली होती आणि त्या हिशेबाने थायलंडची बाजू लंगडी नव्हती. पण थायलंडने नकाशा घेतला, वापरला आणि वर्षानुवर्षं हरकत घेतली नाही. न्यायालयाने ते मान्यतेसारखं धरलं आणि देऊळ कंबोडियाला गेलं.

दुसरं उदाहरण २००८ चं, सिंगापूर-मलेशिया. बेटाचं सिंगापूरचं नाव ‘पेद्रा ब्रांका’ हे पोर्तुगीज, मलेशियाचं ‘पुलाऊ बातू पुतेह’ हे मलय. दोन्हींचा गाभा एकच, पांढरा खडक! न्यायालयाने खटल्याच्या शीर्षकात मध्ये तिरकी रेघ मारून दोन्ही लिहिली. निकाल फिरला तो जोहोर सरकारच्या एका पत्रावर. २१ सप्टेंबर १९५३, ‘पेद्रा ब्रांकाच्या मालकीचा आमचा दावा नाही’. नावाने जिंकलं नाही कोणी, पण गप्प बसून आणि एका पत्राने हरलं.

म्हणून तुमच्या ‘कोथरूड दक्षिण’ला सिंहगडकरांनी लेखी हरकत घेतलीच पाहिजे, दर वेळी, त्याच शब्दांत. शब्द बदलला की समोरचा विचारतो, भूमिका बदलली का?

तर्री_वेगळी:
म्हणजे पुनावळ्याला ‘वाकड अनेक्स’ म्हणणाऱ्या बिल्डरला वाकडकरांनी अजून हरकत घेतली नाही, तर गेलं वाकड हातचं.

शुद्धिपत्रक:
बिल्डर अक्षांश यांचाच नियम पाळतो. ‘अनेक्स’ हे विशेषण बघा. काही कबूल केलं नाही, सगळं सुचवलं.

मांडवीकाठ:
मराठी धाग्यावर गोवा अजून कसा आला नाही?

१९५१ मध्ये सालाझारच्या पोर्तुगालने राज्यघटनेतला ‘वसाहती’ शब्द काढून ‘सागरपार प्रांत’ घातला. गोव्यात त्या दिवशी काही बदललं नाही, गव्हर्नर तोच, जकात तीच. पण संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कलम ७३ आहे : स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांबद्दल नियमित माहिती द्यावी लागते. पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात सदस्य झाला. असे प्रदेश तुमच्याकडे आहेत का असं विचारल्यावर उत्तर दिलं, आमच्याकडे वसाहतीच नाहीत, सगळे प्रांत आहेत.

हे चाललं पाच वर्षं. १५ डिसेंबर १९६० ला आमसभेने ठराव १५४२ करून यादीच दिली, आणि त्यात ‘गोवा आणि अंकित प्रदेश, ज्यांना भारत राज्य म्हटलं जातं’ असा उल्लेख आहे. ‘म्हटलं जातं’ची खोच बघा. पोर्तुगीजांचं सरकारी नाव ‘इश्तादु द इंडिया’ होतं, त्यांच्या लेखी ‘भारत’ तेच! वर्षभरात सैन्य गेलं. १९ डिसेंबर १९६१ ला आपण ‘मुक्ती’ म्हणतो, लिस्बन तेव्हा ‘आक्रमण’ म्हणत होतं. भारताची सार्वभौमता त्यांनी मान्य केली ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने.

त्यामुळे नाव बदलणं म्हणजे टाइमपास असं समजणाऱ्यांनी हा वर्ग बदलण्याचा प्रकार लक्षात घ्यावा. नाव एखाद्या कायद्याच्या कुलपाला लागणारी किल्ली असू शकतं.

रेघोटी:
मांडवीकाठ, जोरदार प्रतिसाद. वाखूसा (वाचनखूण साठवली).

अवांतर : ‘वेस्ट बँक’ हे नावही मला असंच आवडतं. नदीचा पश्चिम काठ, म्हणजे बोलणारा पूर्वेला, जॉर्डनकडे बसलाय. इस्रायल सरकारच्या कागदावर ‘ज्युडिया आणि समारिया’. मोल्दोव्हातून फुटलेलं ‘ट्रान्सनिस्ट्रिया’ म्हणजे निस्टर नदीच्या पलीकडचं. पलीकडचं कोणाच्या? मोल्दोव्हाच्या राजधानीच्या, किशिनाऊच्या. नदीपात्रातल्या रस्त्यावरून पेठेतला माणूस डेक्कनला ‘पलीकडे’ म्हणतो तसं.

पोटकलम:
संयुक्त राष्ट्रांत हे कसं हाताळतात ते लिहितो, कारण तिथली युक्ती विरामचिन्हांची आहे.

कंस : इंग्रजी कागदात ‘फॉकलंड आयलंड्स’ आणि कंसात ‘मालविनास’. स्पॅनिश कागदात उलट, मालविनास बाहेर आणि फॉकलंड कंसात. १९९९ ची संपादकीय सूचना आहे तशी. दोघांनाही आपापल्या भाषेत जिंकल्याचं समाधान.

तारांकन : हे संयुक्त राष्ट्रांबाहेरचं, युरोपीय संघाच्या मध्यस्थीतलं. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्बिया आणि कोसोव्होने मान्य केलं की प्रादेशिक बैठकांत पाटीवर ‘कोसोव्हो’ आणि पुढे एक फुली. खाली टीप, या नावाने दर्जाबद्दलच्या भूमिकांना बाध येत नाही. ती टीप पाटीवर मावत नाही, म्हणून फुली.

वर्णानुक्रम : मॅसिडोनिया १९९३ च्या एप्रिलमध्ये आत आला तो ‘द फॉर्मर युगोस्लाव्ह रिपब्लिक ऑफ मॅसिडोनिया’ म्हणून. हे नाव नाही, तात्पुरतं संबोधन आहे असं ठरावात स्पष्ट. मग बसायचं कुठे? एमखाली ग्रीस बसू देईना (त्यांच्याकडेही मॅसिडोनिया नावाचा प्रांत आहे), एफखाली त्यांना बसायचं नव्हतं. शेवटी ‘द’चा टी धरून थायलंडशेजारी खुर्ची.

तुटक रेघ : जम्मू-काश्मीरसाठी नकाशावर ठिपके आणि खाली टीप की अंतिम दर्जा दोन्ही पक्षांनी अजून ठरवलेला नाही. भारताला ही टीप मान्य नाही, पण ती छापून येतेच.

ड्रॉपडाऊन:
आणि हे सगळं शेवटी वेबसाइटच्या देशांच्या यादीत येऊन फसतं. बहुतेक प्रोग्रामर आयएसओ ३१६६ ची, म्हणजे देशांच्या कोडांची आंतरराष्ट्रीय मानक यादी उचलतात. त्यातली नावं संयुक्त राष्ट्रांच्या स्रोतांतून येतात, म्हणून तैवान तिथे ‘चीनचा प्रांत’ आहे. कोसोव्होला कोडच नाही. युरोपीय आयोग ‘एक्सके’ वापरतो तो खासगी वापरासाठी मोकळ्या ठेवलेल्या अक्षरांतला. म्हणजे फुकटात घेतलेल्या यादीबरोबर भूमिकाही फुकट येते.

एप्रिल २०१८ मध्ये चीनच्या विमान वाहतूक प्रशासनाने ४४ विमान कंपन्यांना पत्र पाठवलं, तैवान देश म्हणून दाखवू नका. एअर इंडियाने ‘चायनीज तैपेई’ केलं. काही अमेरिकी कंपन्यांनी देशाचा रकानाच उडवून नुसतं शहर ठेवलं. तांत्रिकदृष्ट्या हाच स्वच्छ उपाय. रकान्याला ‘देश’ म्हणू नका, ‘ठिकाण’ म्हणा.

रकाना किती महाग पडतो त्याचं अजून एक. एकच बेट, कोरियाचं दोक्दो, जपानचं ताकेशिमा. अमेरिकेच्या भौगोलिक नाव मंडळाने तिसरंच नाव धरलंय, लिआंकूर खडक, १८४९ च्या फ्रेंच देवमाशांच्या शिकारी जहाजावरून. जुलै २००८ मध्ये त्यांनी नावाला हात लावला नाही, फक्त सार्वभौमत्वाच्या रकान्यात ‘दक्षिण कोरिया’ऐवजी ‘अनिर्णित’ टाकलं. सोलमध्ये गदारोळ, राष्ट्राध्यक्ष बुश यांचा दौरा तोंडावर. आठवडाभरात रकाना पूर्ववत.

बेळगावकर_पुण्यात:
इतकं जग फिरलात, चंदगडच्या पुढे कोणी जाईना.

१ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकाच्या कागदावर ‘बेळगावी’. तारीख बघा, त्यांचा राज्योत्सव. महाराष्ट्राच्या कागदावर ‘बेळगाव’, आणि २७ डिसेंबर २०२२ च्या विधिमंडळाच्या ठरावातही बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह ८६५ गावं. दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात. इकडचा सरकारी शब्द ‘सीमाभाग’. कर्नाटकाच्या लेखी सीमावादावरच्या केंद्राच्या महाजन आयोगाच्या अहवालाने १९६७ मध्ये विषय संपला, मग भाग कसला नि सीमा कसली?

सिंहगड_एक्स्प्रेस:
पण तिथे खाते_उतारा यांनी सांगितलेली १९५३ ची तत्त्वं कुठे गेली? ‘भाषेच्या कारणाने बदलू नये’ ना?

खाते_उतारा:
तत्त्वं आहेत, कायदा नाही. आणि त्या दिवशी एकटं बेळगाव नव्हतं, कर्नाटकातली बारा शहरं एका फटक्यात. वादग्रस्त नाव गठ्ठ्यात घालून पाठवणं ही जुनी रीत आहे. बंगळुरू, म्हैसूर, मंगळूरबरोबर बेळगाव गेलं की वेगळी हरकत घेणाऱ्याला आख्ख्या गठ्ठ्याविरुद्ध बोलावं लागतं.

जपानने २०२० मध्ये याच्या उलट केलं, एकटंच उचललं, पण कारण साधं दाखवलं. इशिगाकी नगरपालिकेने चीनही दावा सांगतो त्या सेनकाकू बेटांचा पत्ता ‘तोनोशिरो’वरून ‘तोनोशिरो सेनकाकू’ केला. म्हणे शहरातही तोनोशिरो आहे, कारकुनांचा गोंधळ होतो. बेटांवर एक माणूस राहत नाही!

तर्री_वेगळी:
पोस्टमनची काळजी हो.

मधला_मार्ग:
मिटलेलीही दोन सांगतो. कॅनडा आणि डेन्मार्कमध्ये हान्स बेट, सव्वा चौरस किलोमीटरचा खडक. जून २०२२ मध्ये मधोमध वाटून घेतलं, आणि आता तिथलं इनुइट नाव ‘तार्तुपालुक’ पुढे येतंय. दोघांचंही नसलेलं नाव मिळालं की काम सोपं.

मॅसिडोनिया २०१८ च्या प्रेस्पा करारात ‘उत्तर मॅसिडोनिया’ झाला. घासाघीस बघा : नागरिकत्वाच्या रकान्यात ‘मॅसिडोनियन’ तिरकी रेघ ‘उत्तर मॅसिडोनिया प्रजासत्ताकाचा नागरिक’, देशाचे कोड जुनेच, पण गाडीच्या पाटीवर नवीन अक्षरं. पाटी सीमेवरून ग्रीसमध्ये जाते ना.

आणि एक आपोआप मिटलेलं. १९७० च्या चक्रीवादळानंतर बंगालच्या उपसागरात वर आलेलं बेट. भारताचं ‘न्यू मूर’, पश्चिम बंगालचं ‘पूर्वाशा’, बांगलादेशचं ‘दक्षिण तालपट्टी’. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की बेट पाण्याखाली गेलं. तीन नावं अजून आहेत.

तळटीप:
धाग्याने माझा जुन्या पुराव्याचा निकष पार बुडवला, तालपट्टीसारखा. पण तिसरा प्रश्न राहिलाच. मराठीत लिहिणाऱ्याने काय लिहायचं? समजा एक मजकूर शालेय, एक बातमी, एक भाषांतर.

शुद्धिपत्रक:
शालेय असेल तर सरकारी शब्द आणि सर्वेक्षण विभागाचाच नकाशा. तिथे प्रयोग नको, छापलेल्या प्रती परत मागवाव्या लागतात. बातमीत लेखकाच्या तोंडी एकच शब्द शेवटपर्यंत. पहिल्या परिच्छेदात ‘पाकव्याप्त’ आणि पाचव्यात ‘पाकिस्तान-प्रशासित’ असं झालं की मधे एजन्सीची कॉपी चिकटवली हे कळतं. अवतरणात मात्र बोलणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा. पाकिस्तानी मंत्र्याच्या तोंडी ‘पाकव्याप्त’ घालणं हा विनोद मराठीत रोज होतो.

भाषांतरात मूळ विशेषण हलवू नका. मूळ लेखक ‘प्रशासित’ म्हणत असेल तर तसंच ठेवा आणि प्रकाशकाला हवं तर तळाशी टीप द्या. टीप कोणाची आहे ते लिहा, ‘अनुवादक’ की ‘प्रकाशक’. आणि जुन्या काळाबद्दल लिहिताना त्या काळचं नाव. १९६२ च्या युद्धाच्या वर्णनात ‘अरुणाचल’ नको, नेफा. १९७३ च्या आधीचं ‘कर्नाटक सरकार’ नको, म्हैसूर सरकार.

बेळगावकर_पुण्यात:
शेवटचं वाक्य दोनदा छापा. महाजन अहवालावरच्या मराठी लेखांत ‘कर्नाटक’ घालून ठेवतात. तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं.

तळटीप:
आणि डोकलाम? तो भारताचा दावाच नाही ना?

रेघोटी:
नाही. तिथे दावा भूतान आणि चीनचा, चीन त्याला ‘दोंगलांग’ म्हणतो. आपला संबंध तिठ्याचा, म्हणजे तिन्ही देशांच्या सीमा मिळतात त्या बिंदूचा. म्हणून ‘भारत-चीनमधला वादग्रस्त डोकलाम’ लिहू नका. २०१७ मध्ये लिहिलं होतं बऱ्याच जणांनी.